हाताची सूज, पायांचा तोल

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षं झाल्यावर बाई तपासणीला जाते, तेव्हा तिला ठरावीक प्रश्न विचारले जातात. दुसऱ्या बाजूला गाठ लागते का, हाडं दुखतात का, गोळी रोज घेता ना, हात पूर्ण वर जातो का. हात सुजलेला दिसला तर टेप लावून मोजतात आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी देतात. ‘गेल्या सहा महिन्यांत कधी पडलात का?’ असं मात्र क्वचितच कोणी विचारतं. विचारण्यासारखं वरकरणी काही दिसतही नाही. रोग छातीत, सूज हातात, मग पायांचा संबंध येतो कुठे?

तो येतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात केरी विंटर्स-स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी गेलेल्या आणि स्तनाच्या कर्करोगाचे उपचार नुकतेच संपलेल्या ५९ बायकांची पाहणी केली. २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणी आदल्या वर्षभरात पडल्या होत्या. एरवी पासष्टी ओलांडलेल्या माणसांपैकी तीन-चारांतला एक जण वर्षाकाठी पडतो असं धरलं जातं. कर्करोगातून सुखरूप बाहेर पडलेली बाई न्हाणीघरात घसरते, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळते, आणि घरातले म्हणतात, नशीब. मला त्यात नशिबाचा वाटा कमी आणि न विचारलेल्या प्रश्नाचा जास्त वाटतो.

आधी सुजेकडे बघू. रक्त केशवाहिन्यांमधून वाहताना त्यातला पातळ भाग वाहिन्यांच्या भिंतींतून झिरपतो आणि पेशींच्या अधल्यामधल्या जागेत उतरतो. दिवसभरात असं काही लिटर पाणी बाहेर पडतं. यातलं बरंचसं शिरांमध्येच परत शोषलं जातं, असं जुन्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असे. अलीकडच्या मापनांनी हे चित्र पालटलं आहे. बहुतेक ऊतींमध्ये हे पाणी परत नेण्याचं जवळजवळ सगळं काम लसिकावाहिन्याच करतात, असं आता मानलं जातं. पाण्याबरोबर झिरपलेली प्रथिनं तर इतकी मोठी असतात, की त्यांना परतायला दुसरी वाट नसते. या वाहिन्यांना हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही. त्यांच्या भिंती स्वतःच थोड्या थोड्या आकुंचन पावतात, आत झडपा असतात, आणि शेजारचे स्नायू हलले की लसिका, म्हणजे या वाहिन्यांत आलेलं ते पाणी, पुढे सरकते. स्नायू हलण्याचा हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

हाताची लसिका वर जाताना काखेतल्या ग्रंथींमधून गाळली जाते. एका काखेत साधारण २० ते ३० ग्रंथी असतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. पंचाईत अशी, की स्तनाची बरीचशी लसिकाही इथेच येते. त्यामुळे कर्करोगाच्या पेशी स्तनातून बाहेर निघाल्या तर बहुधा आधी इथे सापडतात, आणि म्हणून सर्जनचा हात काखेपर्यंत जातो. ग्रंथी काढल्या किंवा त्यांच्यावर रेडिएशन दिलं, की हातातून येणाऱ्या लसिकेची वाट अरुंद होते. काही जणींच्या शरीरात आजूबाजूच्या वाहिन्या हे काम उचलून धरतात. काहींच्या नाही. मग पाणी आणि प्रथिनं हातातच साचतात, आणि ती साचून राहिली की त्वचेखाली तंतू वाढतात, चरबी जमते. सुरुवातीला बोटानं दाबलं तर खळगा पडणारी मऊ सूज पुढे घट्ट, जाड होत जाते. याला डॉक्टर लिम्फेडिमा म्हणतात. विदर्भातल्या वाचकांना हत्तीरोगाचा सुजलेला पाय पाहून माहीत असेल. तिथे लसिकेची वाट कृमींमुळे बिघडते, इथे उपचारामुळे, पण पुढची कथा बरीच सारखी आहे.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असं सगळं एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. १९२१ मध्ये त्यांनीच हाताच्या या सुजेबद्दल लिहिलं आणि तिला हत्तीरोगाचंच नाव दिलं, शस्त्रक्रियेतून आलेला हत्तीरोग. ही शस्त्रक्रिया तरीही पुढची पन्नास वर्षं चालू राहिली. जास्त कापलं म्हणजे जास्त जगतात हा समज मोडायला बर्नार्ड फिशर यांच्या १९७१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीची वाट पाहावी लागली.

आता काखेत जपून शिरतात. नव्वदच्या दशकात सेंटिनल ग्रंथीची पद्धत आली. गाठीजवळ निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचायचा, तो काखेतल्या ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचेल ती काढून तपासायची, आणि ती स्वच्छ निघाली तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ७२ अभ्यास एकत्र चाळून २०१३ मध्ये जो हिशोब मांडला, त्यात काखेतल्या ग्रंथी सरसकट काढलेल्या बायकांपैकी सुमारे २० टक्के जणींना हाताची सूज आली होती, आणि फक्त सेंटिनल ग्रंथी काढलेल्यांपैकी ५.६ टक्के जणींना. फरक मोठा आहे. पण किरणोत्सारी द्रव आणि तो शोधणारं यंत्र सगळीकडे नसतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं म्हणूनच काखेच्या खालच्या भागातल्या मोजक्याच ग्रंथी काढून तपासण्याची, यंत्राविना जमणारी पद्धत अभ्यासून पाहिली आणि ती सेंटिनल पद्धतीच्या तोडीची ठरली. आपल्याकडे गाठ बऱ्याचदा उशिरा दाखवली जाते, ग्रंथींमध्ये रोग पोचलेला असतो, आणि मग काख पूर्ण साफ करण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून सुजेचा प्रश्न आपल्या बायकांच्या वाट्याला अजूनही ठळकपणे येतो.

ती कधी येईल याचाही नेम नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये २६३ बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला गेला. सूज आलेल्यांपैकी ७७ टक्के जणींना ती पहिल्या तीन वर्षांतच आली होती, आणि उरलेल्यांमध्ये त्यानंतरही दर वर्षी जवळपास एक टक्का भर पडत राहिली. रोग विसरून संसारात रमलेल्या बाईला एक दिवस त्या हातातल्या बांगड्या मनगटावरून सरकत नाहीत असं जाणवतं. ब्लाउजच्या बाहीचा वळ संध्याकाळपर्यंत दंडावर उमटलेला असतो. अंगठी निघत नाही. मोजमापात सूज दिसायच्या आधी हात जड वाटायला लागतो, भरून येतो, आणि तेव्हाच दाखवलेलं बरं, कारण मऊ असताना सूज जितकी ओसरते तितकी घट्ट झाल्यावर ओसरत नाही.

एका हाताचं वजन शरीराच्या साधारण पाच टक्के असतं. साठ किलोच्या बाईचा हात तीन किलोचा. त्यात अर्ध्या लिटरची सूज आली तर तो साडेतीन किलोचा होतो आणि दुसरा तीनचाच राहतो. त्याच बाजूचा स्तन काढलेला असेल तर छातीवरचं वजन कमी झालेलं असतं, म्हणजे एकाच बाजूला पुढून वजा आणि बाजूला अधिक. अर्धा किलो म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण हे ओझं खाली ठेवता येत नाही. विहिरीवरून एका हातात भरलेली कळशी घेऊन येणारी बाई दुसऱ्या बाजूला कलते, मोकळा हात लांब धरते, आणि घरी पोचल्यावर कळशी उतरवून सरळ होते. जिला उतरवायचीच सोय नाही, तिची पाठ हळूहळू ते कलणंच सरळ म्हणून शिकते.

हे नुसत्या वजनानंही होत नाही. शस्त्रक्रियेचा व्रण आणि रेडिएशन यांमुळे छातीची कातडी आणि स्नायू आखडतात, खांदा पुढे ओढला जातो. खांद्याचं पातं बरगड्यांना धरून ठेवणाऱ्या स्नायूची नस काखेतूनच जाते. तिला धक्का लागला तर पातं मागून उचललं जातं. दंडाच्या आतल्या बाजूची कातडी बधिर असते. आणि यांतलं काहीच झालं नसलं तरी बाई स्वतःहून ती बाजू झाकते. खांदा पुढे, पदर पुरता लपेटलेला, मान खाली. यातलं किती दुखण्यामुळे आणि किती लोकांच्या नजरेमुळे, हे वेगळं काढता येणार नाही.

तोल सांभाळताना आपण हातांवर किती विसंबून असतो हे सहसा ध्यानात येत नाही. चालताना हात झुलतात ते पायांच्या हालचालीनं धडाला बसणारा पीळ उलट बाजूनं फेडण्यासाठी. हात अंगालगत धरून चाललं तर चालायला सुमारे १२ टक्के जास्त ऊर्जा लागते, असं २००९ मधल्या एका प्रयोगात मोजलं गेलं आहे. सुजलेला, जड हात कमी झुलतो. अनेक जणी तर तो पोटाशी धरूनच चालतात. मॉस्कोतल्या संशोधकांनी १९६७ मध्ये दाखवलेली दुसरी गोष्ट मला याहूनही मजेची वाटते. उभ्या माणसानं हात उचलायचा ठरवला, की खांद्याच्या स्नायूच्याही आधी, सेकंदाच्या काही शतांश भागानं, मांडीच्या मागचे आणि पाठीचे स्नायू आवळले जातात. हात पुढे गेला की शरीर पुढे झुकणार, हे मेंदूला ठाऊक असतं आणि तो आधीच पाय रोवून घेतो. यासाठी त्याला हाताच्या वजनाचा अंदाज लागतो. सूज सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते. मग वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलताना हा अंदाज चुकायला वाव राहतो.

तुर्कस्तानातल्या संशोधकांनी एका हाताला लिम्फेडिमा असलेल्या बायकांना दाब मोजणाऱ्या पाटावर उभं करून निरोगी बायकांशी त्यांची तुलना केली. २०१४ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा होता, की सुजेच्या बाजूला स्थिर उभं राहण्याची क्षमता कमी होते. असे अभ्यास बहुधा लहान असतात हे खरं. आणि सूज, वय, केमो, वजन यांतला प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणं त्यांना अवघड जातं. पण नेमक्या याच कारणानं मला वाटतं, की फक्त हाताकडे बोट दाखवून भागणार नाही.

कारण या बायकांचे पायही बदललेले असतात. स्तनाच्या कर्करोगात पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेल ही केमोची औषधं सर्रास दिली जातात. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्मनलिकांची जी मांडणी होते ती ही औषधं गोठवतात, आणि त्यामुळे भराभर वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी मरतात. पण अशाच सूक्ष्मनलिका चेतातंतूंमध्येही असतात. तंतूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागणारा माल त्यांच्यावरूनच जातो. जितका तंतू लांब तितका हा प्रवास नाजूक, आणि शरीरातले सर्वांत लांब तंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, सुमारे मीटरभर. म्हणून मुंग्या आधी तळपायांना येतात, मग हाताच्या बोटांना. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. फरशी आहे की पायपुसणं, हे बघावं लागतं.

केमो संपली की हे सगळं जाईल असं सांगितलं जातं, आणि बऱ्याच जणींचं कमी होतंही. पण २०१७ मध्ये विंटर्स-स्टोन यांच्याच गटानं कर्करोगातून बाहेर पडलेल्या ५१२ बायकांची माहिती छापली. उपचारांनंतर सरासरी सहा वर्षांनीही ४७ टक्के जणींना हा बधिरपणा किंवा मुंग्या जाणवत होत्या. आणि ज्यांना जाणवत होत्या त्यांचं पडण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होतं.

शरीर उभं राहतं ते तीन प्रकारच्या बातम्यांवर. डोळे, कानाच्या आतली तोलाची इंद्रियं, आणि तळपाय व सांध्यांकडून येणारी जाणीव. एकीकडून बातमी यायची थांबली तर मेंदू उरलेल्या दोघांवर भार टाकतो, म्हणून दिवसाउजेडी काही बिघडल्यासारखं वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोम्बर्ग यांनी हेच हेरलं. पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. तळपायांची जाणीव गेलेला माणूस डोळे मिटताच झुलायला लागतो. ही तपासणी आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. अशा माणसाचा तोल तोंड धुताना जातो, ही त्यातली घरगुती खूण. चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटायचे, वाकायचं, ओल्या फरशीवर उभं राहायचं, आणि एक हात जड. आपल्या न्हाणीघरात ही सगळी परिस्थिती रोज सकाळी एकत्र येते. दुसरी वेळ म्हणजे रात्री दिवा न लावता बाथरूमला उठण्याची.

पडलं तर मोडण्याचीही तयारी औषधांनी करून ठेवलेली असते. पाळी गेलेल्या बायकांना हार्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगासाठी लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्या पाच वर्षं, कधी त्याहून जास्त घ्याव्या लागतात. शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन त्या आटवतात. ते गरजेचंच असतं, पण इस्ट्रोजेनबरोबर हाडांची घनताही उतरते, सांधे सकाळी आखडतात. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा तरुण वयात होतो. चाळिशीतल्या बाईची पाळी केमोनं अचानक जाते आणि हाडांची झीज दहा वर्षं आधी सुरू होते. त्यात पडताना माणूस जो हात पुढे टाकतो, तोच जड आणि आखडलेला असेल तर तो उशिरा पोचतो. पोचला तर मनगट मोडण्याचा धोका, आणि सुजेच्या हाताला प्लास्टर म्हणजे वेगळंच दुखणं.

मग हात जपावा का? हात जपा, ओझं उचलू नका, जोर लावू नका, हे कित्येक दशकं प्रत्येक बाईला सांगितलं गेलं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता. लसिकेची वाट अरुंद झाली आहे, स्नायूंना काम दिलं तर रक्तपुरवठा वाढेल, जास्त पाणी झिरपेल आणि सूज येईल, असा तर्क होता. तर्क ऐकायला बरा वाटतो. तो तपासून मात्र फारसा कोणी पाहिला नव्हता.

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या २४ बायका गोळा केल्या आणि त्यांना ड्रॅगन बोट वल्हवायला शिकवलं. ड्रॅगन बोट म्हणजे लांबलचक चिनी होडी. वीसएक जण दोन रांगांत बसून ती वल्हवतात, पुढे एक जण ढोल वाजवतो, मागे एक जण सुकाणू धरतो. वरच्या अंगाला इतका जोर लावणारा, तेच तेच काम करायला लावणारा दुसरा खेळ सापडायला कठीण. मॅकेन्झींनी तो निवडला तो नेमका याचसाठी, कारण सगळ्या सल्ल्यांच्या तो विरुद्ध होता. आधी व्यायामशाळेत तयारी झाली, मग पाण्यावर. हंगाम संपला तेव्हा एकीलाही नवी सूज आलेली नव्हती आणि जिला आधी होती तिची वाढलेली नव्हती. २४ हा आकडा लहान आहे आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे याला कोणी पुरावा म्हणणार नाही. पण भीतीला पहिला तडा इथे गेला. त्या बायकांनी होडी सोडली नाही. आज अनेक देशांत स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या बायकांचे असे संघ आहेत.

पुरावा आला २००९ मध्ये. कॅथरिन श्मिट्झ यांनी पेनसिल्व्हेनियात लिम्फेडिमा असलेल्या १४१ बायकांचे दोन गट केले. एका गटानं वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून, हात काय म्हणतो ते बघत हळूहळू वाढवत, सूज दाबून धरणारी घट्ट बाही घालून. दुसऱ्या गटानं नेहमीचं आयुष्य चालू ठेवलं. वर्षाअखेर सूज वाढलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं निघालं, ११ आणि १२ टक्के. आणि सूज उफाळून उपचार घ्यावे लागण्याचे प्रसंग वजन उचलणाऱ्यांमध्ये निम्मे, २९ टक्क्यांच्या तुलनेत १४. हात बलवान झाला होता हे वेगळंच.

व्यायामानं सूज बरी होते असा याचा अर्थ काढू नये. श्मिट्झ यांच्याच गटानं नंतर ३५१ वजनदार बायकांमध्ये घरी करायचा व्यायाम आणि वजन घटवणं यांचा परिणाम तपासला, तेव्हा सुजेच्या मापात फरक पडला नाही. मला यातून निघणारी गोष्ट तरीही मोठी वाटते. हात वापरल्यानं बिघडत नाही. आणि न वापरल्यानं जे बिघडतं, खांदा, पाठ, चाल, तोल, ते टेपवर दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही.

त्या हातावर रक्तदाब घेऊ नका, सुई टोचू नका, विमानात बसू नका, याही सूचना अशाच. बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ६३२ बायकांवर लक्ष ठेवून २०१६ मध्ये जे छापलं गेलं, त्यात रक्त काढणं, रक्तदाब, विमानप्रवास यांचा आणि सुजेचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो जास्त वजनाचा, काख पूर्ण साफ करण्याचा, ग्रंथींवरच्या रेडिएशनचा आणि कातडीच्या जंतुसंसर्गाचा. दुसरा हात मोकळा असेल तर तिथे सुई घ्यावी, एवढं पुरे. त्यासाठी अपघातात किंवा तापात उपचार खोळंबवू नयेत.

जंतुसंसर्गाची धास्ती मात्र खरी आहे. साचलेल्या प्रथिनांच्या पाण्यात जंतू चटकन फोफावतात. तव्याचा चटका, विळीवर कापलेलं बोट, फुटलेल्या काचेच्या बांगडीचा ओरखडा, नखं काढताना निघालेली सालं, हे साबणानं धुऊन मलम लावण्याएवढं गांभीर्यानं घ्यावं. हात लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर उद्यावर टाकू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन अँटिबायोटिक सुरू करावं.

सुजेवरच्या उपचाराची रीत ठरलेली आहे. कातडीची निगा, हलक्या हाताचा विशिष्ट मसाज, कमी ताणाच्या पट्ट्या थरांवर थर बांधणं, व्यायाम, आणि सूज उतरली की मोजून घेतलेली घट्ट बाही. या मसाजात आधी धडाकडची वाट मोकळी करून मग हाताकडे येतात, आणि जोर इतका कमी असतो की कातडी फक्त सरकते. तेल लावून रगडणाऱ्या मालिशवाल्या बाईला बोलावणं म्हणजे उलटा उद्योग. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचाही उपयोग नाही, त्या पाणी काढतात आणि प्रथिनं तिथेच ठेवतात. बाही रोज घालावी लागते, आणि एप्रिल-मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात ती घालून ओट्याशी उभं राहणं काय असतं, हे सल्ला देणाऱ्यानं एकदा अनुभवून पाहायला हरकत नाही. निदान घामाच्या दिवसांसाठी दोन बाह्या आलटून पालटून वापरता याव्यात. त्यांची किंमत काही हजारांत जाते आणि त्या काही महिन्यांनी सैलावतात, म्हणून कित्येक जणी एकच बाही वर्षानुवर्षं ओढत राहतात. सैल झालेली बाही काहीच काम करत नाही.

तोलाचा सराव त्यामानानं फुकट आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. एका पावलापुढे दुसरं पाऊल टाच-अंगठा जुळवून ठेवायचं आणि तसंच थांबायचं. टाचा उचलायच्या, सावकाश टेकवायच्या. खुर्चीतून हात न लावता उठायचं, बसायचं. हे जमू लागलं की मान डावीकडे-उजवीकडे फिरवत तेच करायचं, म्हणजे कानातल्या इंद्रियांनाही काम मिळतं. डोळे मिटून करायचं ते घरात कोणी शेजारी उभं असेल तेव्हाच. ताडासन, वृक्षासन ज्यांना येतं त्यांनी भिंतीशी ते सुरू ठेवावं. चालताना सुजेचा हात पोटाशी न धरता झुलू द्यावा. पर्स त्या खांद्याला लटकवू नये. तळपाय बधिर असतील तर मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात, स्लिपर्स नकोत. साबण लावताना भिंतीवर हात टेकावा, नाहीतर सरळ स्टुलावर बसून आंघोळ करावी.

स्तन काढल्यावर पोकळी भरायला कापडाची घडी किंवा कापूस वापरणाऱ्या बायका आपल्याकडे खूप आहेत. ती घडी हलकी असते आणि वर सरकते, ती सावरायला खांदा आणखी आक्रसतो. वजनाचा कृत्रिम स्तन घातल्यानं पाठ किती सरळ होते यावर अभ्यासांचं एकमत नाही. माझा कल एवढाच, की आरशात खांदे एका रेषेत दिसतील अशी जी सोय परवडेल ती करावी. आणि काहीच न घालता ज्या बाईला सरळ चालता येतं, तिनं काही घालण्याची गरज नाही.

हात मोजायचा तो आधी, शस्त्रक्रियेपूर्वी. दोन हात मुळात सारखे नसतात, उजव्या हातानं काम करणाऱ्या बाईचा उजवा हात थोडा जाडच असतो. नंतर डॉक्टर दोन सेंटिमीटर फरक सांगतात तेव्हा त्यातला आधीचा किती, हे कळायला पहिलं माप हवं. तसंच एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं, हेही त्याच वेळी मनगटावरच्या घड्याळावर बघून केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून घेता येतं. टेप आणि घड्याळ प्रत्येक ओपीडीत असतं, आणि दोन्ही मापं मिळून पाच मिनिटांचं काम आहे.